अकरा चिठ्ठ्या

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात ती दरवर्षी एकच विनोद सांगायची: दोन ग्रंथपालांना एक पुस्तक द्या, तीन विषय निघतील. तिची पीएचडीही त्यावरच होती. एकच पुस्तक वेगवेगळ्या माणसांना दिलं, तर त्यांनी ठरवलेले विषय कितपत जुळतात? पाच वर्षांत शंभरात चाळीसच्या वर गाडी गेली नव्हती. "तुझा प्रबंध आणि माझं टक्कल," नवरा म्हणायचा, "दोन्ही वाढतच चाललंय."

त्या सकाळी तिने अकरा विद्यार्थ्यांपुढे देणगीत आलेली एक वही ठेवली. राखाडी पुठ्ठा, मुंगीएवढं अक्षर, आणि लिपी अशी की कुणालाच ओळखता येईना. वाचता येत नसताना माणसं काय अंदाज बांधतात, एवढंच तिला पाहायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकेकट्याने यायचं, पानं चाळायची, चिठ्ठीवर विषय लिहून पाकीट चिकटवायचं आणि खाली जायचं.

जेवणाच्या सुट्टीत तिने पाकिटं फोडली.

पाणी. पाणी. पाणी.

अकराच्या अकरा.

तिला एका जागी बसवेना. शंभरात शंभर! डबा तसाच बाजूला सारून तिने मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"कॉपी केली असेल गं," सर म्हणाले.

"सर, लिपीच येत नाही कुणाला, कॉपी कशाची करणार?"

"मग वरच्या वर्गातली मुलं घे. आणि फोन आधी काढून घे त्यांचे."

तिने आठ जण गोळा केले. तिने एकामागून एक पाकिटं फोडली. आठही चिठ्ठ्यांवर एकच ओळ होती: पाणी – चढणे.

म्हणजे विषय पुढे सरकला होता, आणि तोही अगदी शिस्तीत. आधी वस्तू, मग क्रिया, मग स्थळ, शेवटी काळ. विषय मांडण्याचा हा क्रम तीच तर वर्गात शिकवत आली होती!

चार वाजता सर गुडघ्यांना शिव्या देत जिने चढून आले. तिने स्वतः अजून वही उघडली नव्हती. प्रयोग करणाऱ्याने उघडायची नसते. सर मात्र बसले आणि पानं उलटू लागले. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. फरशी कोरडी ठणठणीत होती.

पानांचा आवाज थांबला. सरांनी लिहिलं, चिठ्ठी दुमडली आणि तिच्याकडे सरकवली.

पाणी – चढणे – तिसरा मजला.

"स्थळ आलं, सर!" ती जवळजवळ ओरडलीच. "आता फक्त काळ राहिला. आता मी बघू?"



तिने वही पुढ्यात ओढली.

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग खाली न बघता, अगदी सावकाश, दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले.