रेघेवरचं पाणी

दार उघडलं, आणि इन्स्पेक्टर एसक्कियम्माळला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की घाण वास येत नव्हता.

आठवड्याहून जास्त बंद असलेलं घर. आत माणसाच्या लांबीची काचेची टाकी, टाकीत एक वाम. त्यात तुतिकोरिनचा उन्हाळा. कुलूप तोडत असतानाच तिनं रुमाल हातात धरून ठेवला होता. पण आत नुसता समुद्राचा वास होता आणि हवेच्या पंपाची घरघर.

टाकीतल्या दगडांमधून एक तोंड बाहेर आलं. पिवळट अंगावर काळे ठिपके, जबडा सारखा उघडमीट करणारा. खडकात राहणारी ही दातेरी वाम, तिकडच्या कोळ्यांची अंजाळै. ती ठणठणीत होती.

"मेली नाही अजून," हेड कॉन्स्टेबल पोन्नुचामी म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती.

एसक्कियम्माळनं पंचनाम्याची वही उघडली. महिनाभर निवडणुकीच्या बंदोबस्तात उभं राहून तिचे गुडघे सुजले होते. पंचनामा उरकावा आणि कुठंतरी बसावं, एवढंच तिच्या मनात होतं.

घर लूर्दुसामीचं. जन्मभर शंखांसाठी समुद्राच्या तळाशी बुड्या मारलेला माणूस. छाती कामातून गेली तेव्हा बुड्या सुटल्या. त्याच सुमाराला शेवंडाच्या पिंजऱ्यात पेन्सिलीएवढी ही वाम सापडली. ती त्यानं घरी आणली, वाढवली, तिचं नाव राणी ठेवलं. बायको गेलेली, मुलगी तेरेसा लग्न होऊन मदुरैला. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ सवेरीमुत्तु, एका शिपिंग एजंटकडे कारकून.

एके सकाळी लूर्दुसामी नाहीसा झाला. त्याचा जुना भागीदार मरियदास यानं सांगितलं, की पहाटे टाकीसाठी स्वच्छ पाणी आणायला कॅन घेऊन तो होडी लोटताना दिसला. होडी बेटापलीकडे भरकटलेली सापडली. वल्ही आत होती, कॅन रिकामे होते, माणूस नव्हता. नांगराचा दगड आणि त्याची दोरीही नव्हती.

बुडाला असेल, असंच सगळे म्हणाले. मग शेजाऱ्यांना आठवलं, की पंपाच्या आवाजावरून आणि वासावरून दोघा भावांची रोज जुंपायची आणि सवेरीमुत्तु जिन्यात उभा राहून ओरडला होता, "एक दिवस तुला आणि तुझ्या त्या सापाला एकदमच बुडवीन." वरून हुकूम आला. सवेरीमुत्तु कोठडीत गेला. आता त्याच्याविरुद्ध पुरावा शोधायला एसक्कियम्माळ इथं आली होती.

तिनं खोलीभर नजर फिरवली. टाकीसमोर दोन वेताच्या खुर्च्या, दोन्हींचे हात घासून गुळगुळीत झालेले. खुर्च्यांमध्ये लाल कोब्यावर एक लांबट फिकट चौकोन. कोपऱ्यात समुद्राच्या पाण्याचे कॅन, झाकणापर्यंत भरलेले. खिडकीत लूर्दुसामीचा दम्याचा फवारा. स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली उपडी, रिकामी.

मग ती टाकीजवळ आली आणि थांबली.

काचेवर नखाच्या लाल रंगानं एक आडवी रेघ ओढलेली होती. पाणी बरोबर त्या रेघेवर होतं.

"तेरेसा, ही रेघ कसली?"

तेरेसा उंबऱ्यातच उभी होती. इतके दिवस तिनंच कुलूप तोडू दिलं नव्हतं. तोडलं म्हणजे अप्पा येणार नाहीत हे मान्य केल्यासारखं, असं तिला वाटत होतं. ती म्हणाली, "लहानपणी मीच ओढली होती. अप्पा म्हणायचे, पाणी या रेघेखाली जाऊ द्यायचं नाही. रोज बोटभर उडतं. ते रोज भरायचे."

"आणि किल्ली?"

"कमरेच्या करगोट्याला बांधलेली असायची. आंघोळीलासुद्धा सोडायचे नाहीत. दुसरी किल्ली कधीच हरवली."

पोन्नुचामी हळूच तिच्या कानाशी आला. "म्हातारा जिवंत आहे, मॅडम. कुठंतरी लपलाय. येऊन जनावराला पाणी घालून जातो. भावाला अडकवायचा डाव."

एसक्कियम्माळनं खिडकीतल्या फवाऱ्याकडे बोट केलं. "जिना चढताना धाप लागणारा माणूस घरी येतो, वामीला पाणी घालतो आणि स्वतःचा श्वास इथं विसरून जातो?"



टाकीत काचेची एक तरंगती नळी होती, पाण्याचा खारेपणा मोजायची. तशी नळी एसक्कियम्माळ लहानपणापासून ओळखत होती. तिची आई मिठागरात कामाला होती. नळी आपल्या खुणेवर शांत तरंगत होती. एसक्कियम्माळ बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग तिनं वाकून कॅनवरची धूळ बघितली. ती कुणी पुसलेली नव्हती.

त्या दुपारी तिनं तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं. सवेरीमुत्तुचा ओठ फुटलेला होता. तो कुणी फोडला हे तिनं विचारलं नाही. ते तिला माहीत होतं, आणि त्याची तिला शरम वाटत होती.

"टाकीतलं पाणी कमी झालं तर काय घालायचं?"

"काय म्हणजे? समुद्राचं पाणी. कॅन भरून ठेवलेत ना त्यानं." तो चिडून म्हणाला. "त्या घाणीला मी हात लावत नाही, मॅडम. मला तिची भीती वाटते. हसा हवं तर."

तिला हसू आलं नाही.

तेरेसालाही तेच वाटत होतं. खाऱ्या माशाला खारंच पाणी. अप्पा नेमकं काय करायचे ते तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं. बोलता बोलता तिनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. अप्पा पुढच्या आठवड्यात कायमचे मदुरैला यायला तयार झाले होते. वाम मत्स्यालयवाल्याला द्यायची ठरली होती. आणि दुसरी खुर्ची मरियदासमामांची. रोज संध्याकाळी ते येऊन बसायचे, खाली कोरै गवताच्या चटईवर चहाचे पेले ठेवून.

मरियदास शेवटी आला. काटक म्हातारा, हाताच्या तळव्यांवर दोरीचे जुने वळ. तो खाली बघून बोलत होता.

"अण्णा, त्या सकाळी तुम्ही त्यांना पाहिलंत?"

"होय. होडी लोटत होता. कॅन होते."

"बोललात?"

"लांब होता."

"टाकीचं तुम्हाला काही कळतं?"

"मला काय कळणार मॅडम? आम्ही वाम समुद्रात बघितलेली. टाकी त्याचा छंद."

"पाणी कमी झालं तर काय घालायचं?"

तो क्षणभर थांबला. "समुद्राचंच घालत असेल."

तिनं त्याला जाऊ दिलं. मग लूर्दुसामीच्या अंगणात सगळ्यांना उभं करून तिनं जाहीर केलं, की दाराला सरकारी कुलूप आणि लाखेचा शिक्का लागतोय. कोर्टाचा कागद येईपर्यंत आत कुणी जायचं नाही. पंप चालू राहील. बाकी वामीचं नशीब. तेरेसा रडायला लागली.  मरियदास शिक्का मारून होईपर्यंत तिथून हलला नाही.

दोन-तीन दिवस गेले. उन्हाचा कडाका वाढला. साहेबांचा रोज फोन यायचा, आरोपपत्राचं काय. ती म्हणायची, लिहितेय. रात्री झोप लागत नव्हती. कोठडीत एक बिनगुन्ह्याचा माणूस बसलेला होता, आणि तिच्याजवळ काचेवरच्या एका रेघेशिवाय काही नव्हतं. मुक्या जनावराचा जीव पणाला लावल्याचंही तिला खुपत होतं.

मग एका दुपारी मरियदास ठाण्यात आला. दाढी वाढलेली. बाकावर बसायलाही तयार नव्हता.

"काही नाही मॅडम. इकडून चाललो होतो. ती टाकी... कुणाला तरी सांगा, पाणी घालायला."

"कोऱ्या कागदावर अर्ज द्या. समुद्राचं पाणी घालायला लावते कुणाला तरी."

"समुद्राचं नको." तो चटकन बोलून गेला. "गोडं. गोडं पाणी घाला. खारं घातलं तर मरेल ती."

खोलीत पंखा फिरत होता. एसक्कियम्माळनं पेन खाली ठेवलं.

"बसा, अण्णा," ती म्हणाली.

तिनं सवेरीमुत्तुला कोठडीतून आणवलं, तेरेसाला बोलावून घेतलं. ती आवाज न चढवता बोलली. साहेबांना सांगताना बोलतात तसं नाही, घरातलं वाईट वर्तमान सांगताना बोलतात तसं.

"टाकीतलं पाणी उन्हानं उडतं, पण मीठ मागं राहतं. मिठागर दुसरं काय असतं? म्हणून कमी झालेलं पाणी गोड्यानं भरायचं असतं. खाऱ्यानं भरत राहिलं तर खार वाढत जातो. टाकीतली नळी खुणेवर होती, म्हणजे घरात शिरणाऱ्यानं गोडंच पाणी घातलं. पिण्याची बाटली रिकामी होती, आणि शेजारच्या भरल्या कॅनला हातही लागला नव्हता. सवेरीमुत्तु कॅन ओतून मोकळा झाला असता. तेरेसाही. ज्यानं रोज संध्याकाळी तिथं बसून लूर्दुसामीचं काम पाहिलंय, त्यालाच हे माहीत."

तेरेसा मरियदासकडे बघत होती. तो जमिनीकडे.

"कॅन भरलेले होते, मग पहाटे पाणी आणायला कोण जाईल? त्यांना जाताना पाहिलं, असं एकच माणूस म्हणाला. किल्ली कमरेला बांधलेली. ज्याच्याकडे ती आहे, त्यानं ती त्यांच्या अंगावरून सोडून घेतली. खुर्च्यांमधली चटई नाही, नुसता तिचा फिकट डाग उरलाय. होडीत नांगराचा दगड नाही. बुडणारा माणूस दगड बरोबर नेत नाही, अण्णा. बुडवणारा नेतो."

सवेरीमुत्तु उठला. पोन्नुचामीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण धरलं नाही. तो काही न करता परत बसला. त्यालाही थकवा आला होता.

मरियदासनं शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"मारायला नव्हतो गेलो," तो म्हणाला. "तो म्हणाला, मदुरैला चाललो. मी म्हटलं, मग मी संध्याकाळी कुठं बसू? तो हसला. वाईट हसला नाही, नेहमीसारखाच. म्हणाला, किती वर्षं धरून बसणार, आता सोड. मी त्याला ढकललं. टाकीखालच्या कडप्प्यावर डोकं आपटलं."

"दवाखान्यात का नाही नेलं?" तेरेसानं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"श्वास नव्हता, पोरी. चाळीस वर्षं तो खाली असायचा आणि मी वर दोरी धरून. त्याचा श्वास मला दोरीतून कळायचा. तो नव्हता."

मग त्याला भीती वाटली. उजाडायच्या आत पाण्याच्या हातगाडीवरून तो त्याला चटईत गुंडाळून किनाऱ्यावर घेऊन गेला. त्याच्याच होडीतून नेऊन, नांगराचा दगड बांधून, बुडीच्या जुन्या जागी त्याला सोडलं. परत येऊन रिकामे कॅन होडीत टाकले आणि जमिनीवरून वाहणाऱ्या वाऱ्यावर होडी लोटून दिली. प्रेत मिळालं नाही तर सवेरीला सोडतील, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

"आणि वाम?" एसक्कियम्माळनं विचारलं.

"तिचं काय चुकलं होतं?" मरियदास म्हणाला. "पहिल्या रात्री मी ठरवलं, पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली गेलं असेल, एवढंच डोक्यात राहिलं. जेवण जाईना."

सवेरीमुत्तु त्या संध्याकाळी सुटला.  दुसऱ्या दिवशी पोन्नुचामी शिक्का काढायला गेला, तेव्हा सवेरीमुत्तु जिन्यात गोड्या पाण्याच्या दोन घागरी घेऊन उभा होता. टाकीजवळ जायची त्याची हिंमत होत नव्हती. घागरी पोन्नुचामीनंच ओतल्या.

प्रेत काढायला पोलिसांची होडी बेटापलीकडे गेली. जागा मरियदासनं दाखवली. किनाऱ्यावरची कुठली खूण कुठल्या देवळाच्या कळसाशी जुळली की थांबायचं, ते सांगताना तो एकदाही चुकला नाही. तेरेसा आली नाही. तिला येऊ नको असं एसक्कियम्माळनंच सांगितलं होतं.

भाड्यानं घेतलेला तरणा बुडीवाला पाण्यात उतरला. त्याची दोरी एका शिपायानं धरली होती. ती कधी ताठ होत होती, कधी भलतीच सैल पडत होती. मरियदास बेड्यांतल्या हातांनी गुडघे धरून बघत होता. दोरी सैल पडली की त्याची बोटं आपोआप मिटत होती.

एसक्कियम्माळनं ते पाहिलं. नियम तिला पाठ होते. तिनं खिशातून किल्ली काढली, त्याच्या बेड्या उघडल्या, आणि शिपायाला बाजूला व्हायला सांगितलं.

मरियदासनं दोरी घेतली. तळव्यावर एक वेढा दिला आणि ती पाण्याच्या ओढीबरोबर हलकेच खेळू दिली. 

थोड्या वेळानं खालून झटका आला.

"सापडला," तो म्हणाला, आणि ओढायला लागला.