सगळे ठिपके हिरवे

प्रयोगशाळेच्या भिंतीवरचे सगळे ठिपके आज पहिल्यांदाच हिरवे झाले होते. डॉ. फिरोज तांबोळींनी पेढ्यांचा पुडा सोडला.

"घ्या, केतकी. अख्ख्या वसतिगृहात एक लाल ठिपका नाही. पोरं सुखात आहेत!"

केतकी नाडगौडाने पेढा घेतला, पण तो हातातच राहिला. भिंत तिला जरा जास्तच हिरवी वाटत होती.

मनोभारमापक प्रणाली या दोघांनी मिळून उभी केली होती. त्याआधी संस्थेतल्या एका विद्यार्थिनीने आत्महत्या केली होती आणि तिच्या मनात काय चाललं होतं, हे शेजारच्या खोलीलाही कळलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनगटावर पट्टी आली. झोप, चाल, आवाजातला चढउतार, दिवसभरात माणसांशी झालेलं बोलणं, यांवरून ती मनावरचा भार मोजायची. एकटेपणा, हताशपणा, आपण इतरांना ओझं झालो आहोत ही भावना, यांनी भार वाढतो. आपलं कुणीतरी आहे, आपण कुणालातरी हवे आहोत, या जाणिवेने तो पेलतो. पेलेनासा झाला की त्या विद्यार्थ्याचा पट्टीवरचा आणि भिंतीवरचा ठिपका लाल आणि समुपदेशक दारात.

तेवढ्यात दार ढकलून दुसऱ्या वर्षाचा ओजस घरत आत आला.

"मॅडम, माझा ठिपका बघता का जरा?"

"हिरवा आहे. का रे?"

"नक्की?" तो पट्टीखालची कातडी खाजवत राहिला. "मग सगळ्यांना असंच वाटत असतं का?"

"असं म्हणजे कसं?"

केतकीने खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि आडवळण न घेता विचारलं, "ओजस, जीव द्यावासा वाटतोय का तुला?"

तांबोळीसरांनी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला.

"हो," ओजस म्हणाला. "बरेच दिवस. पण पट्टी काही बोलेना. म्हटलं, एवढं तर सगळेच सोसत असतील. मीच कच्चा."

"बरं झालं इथे आलास. आता तुला एकटं सोडत नाही," केतकी म्हणाली. सरांनी समुपदेशक सुजाताबाईंना फोन लावून ताबडतोब बोलावलं. मग दोघांनी ओजसची मापं उघडली.

"पट्टी बिघडलेली नाही, सर. झोप नाही, बोलणं नाही, भार भयंकर आहे. मग हिरवा कसा?"

"आपण तुलना सरासरीशी करतो ना," सर म्हणाले. "परीक्षा आली की सगळेच जागतात, सगळी भिंत लाल व्हायची. म्हणून त्या दिवशीची वसतिगृहाची सरासरी शून्य धरली. जो इतरांपेक्षा खचलेला, तोच लाल..." ते अडखळले.

"आणि सगळे एकदमच खचले तर?"

केतकीने आजची सरासरी बाजूला काढून पट्ट्या आल्या त्या महिन्याची बसवली. कागद एका कोपऱ्यातून पेटत जावा तशी भिंत लाल होत गेली.

"पण का?" सरांनी विचारलं. "अभ्यास तोच, परीक्षा त्याच. वाढलंय काय?"

"वाढलेलं काही नाही, सर. बोलण्याचा आकडा बघा. भार पेलणारं जे होतं ते गेलं."

"बोलायचं कशाला?" ओजस म्हणाला. "आधी मेसमध्ये कुणी दिसला नाही, की कुणीतरी ताट झाकून त्याच्या खोलीवर न्यायचं. दार बडवायचं. 'उघड रे कुंभकर्णा, वरण गार होतंय!' आता कोण जेवलं नाही ते पट्टीलाच कळतं. जेवणगाडी डबा दाराशी ठेवून जाते. आपण कशाला विचारायचं? काही असतं तर लाल झाला असता." तो थांबला. "मॅडम, समोरच्या खोलीतल्या नचिकेतचे डबे दाराशी तसेच पडलेत. मीपण नाही विचारलं."

केतकी उठलीच. "सर, सुजाताबाईंना थेट वसतिगृहात पाठवा. आणि सगळ्या शिक्षकांना बोलवा. प्रत्येक दार वाजलं पाहिजे."

"आणि विचारायचं काय?"

"जेवलास का, एवढं विचारलं तरी चालेल."

ओजसला घेऊन केतकी निघाली. वाटेत तो मेसपाशी थांबला. कुणी न सांगता त्याने ताट वाढून घेतलं, वर दुसरं ताट झाकलं.

नचिकेतच्या दाराशी न उघडलेल्या डब्यांची चळत होती. केतकीने दार वाजवलं. दोनदा. तिसऱ्यांदा आतून आवाज आला, सपाट, दुरून आल्यासारखा.

"मी ठीक आहे. पट्टी हिरवी आहे माझी."

केतकी बाजूला झाली. ओजसने गरम ताट डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हाताने दारावर थाप मारली.

"माझीपण हिरवीच आहे, नच्या," तो म्हणाला. "उघड."