कोरी कमान

संध्याकाळी सहा वाजता पोलीस ठाण्यात मुलीचा फोन आला. "बाबा उठत नाहीयेत."

म्हातारे चित्रकार टेबलाशी पडले होते. डोक्याला मागून घाव, शेजारी कागदावर ठेवायचं पितळी वजन. टेबलावर पाण्यात पातळ केलेल्या तपकिरी शाईचं चित्र: माळ, पडके खांब, तुटकी कमान. शाई वाळलेली. पाण्याच्या ग्लासात ब्रश उभा, केस खाली.

समोरचा शिंपी दिवसभर दाराकडे तोंड करून बसतो. त्याने दोघांनाच पाहिलं. भाचा चारला बाहेर पडला, मुलगी साडेचारला आत गेली.

"दीड तास काय करत होतीस?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"माझ्या खोलीत होते. बाबा कामात असताना हाक मारायची नाही, असं आहे आमच्याकडे."

"भांडण?"

"माझं नाही, आतेभावाचं. दादाने त्यांची चित्रं जुनी म्हणून खपवली. काल कळलं. बाबा तक्रार करणार होते."

बोलावून घेतलेल्या भाच्याने मोबाइल पुढे केला. पावणेचारचा फोटो. कमान पांढरी. "मामांची एवढीच राहिली होती. आता भरलीय बघा. म्हणजे मी गेल्यावर ते काम करत होते."

सहायक कुजबुजला, "बाई, पुरावा स्वतःच्या पायांनी चालत आलाय."

"म्हणून तर पाय बघतेय."

भिंतीवर चाळीसेक चित्रं होती, सगळी पडक्या वास्तूंची. बाई एकेकापुढे थांबत गेल्या.

"यांत पांढरा रंग कुठला?" त्यांनी मुलीला विचारलं.

"घरात पांढरा रंगच नाही. ऊन म्हणजे कोरा कागद. तेवढी जागा सोडायची. शाई लागली की ऊन गेलं."

बाई भाच्याकडे वळल्या. "चाळीस चित्रांत एक तरी दगड कोरा आहे. इथे कमानीवर ऊन होतं. मामांनी ते मुद्दाम राखलं. राहून गेलंय, असं फक्त तुम्हाला वाटलं. आधी डोक्यात वजन घातलंत, मग फोटो काढलात, मग कमान भरलीत. ब्रशही केसांवर उभा केलात. चित्रकार तसा ठेवत नाही, केस वाकतात."

"हिने भरली असेल."

"स्वतःला अडकवायला? आणि ऊन कुठलं, हे माहीत असून?"

भाचा चित्राकडे बघत राहिला. "अर्धवटच दिसत होतं ते," तो म्हणाला.

सहायकाने त्याचा दंड धरला.

चित्र पुरावा म्हणून पाकिटात घालताना बाई थांबल्या. "कमानीवरचं हे पुसता येईल?"

"नाही," मुलगी म्हणाली. "मुरलं ते."