उत्तर नसेल तेव्हा

मदन महल भागातल्या आमच्या ऑफिसात गौरांग पहिल्यांदा आला, तो हातात बिलांची चळत घेऊन आणि चांगलाच तापून.

“कटनीच्या दुकानाची बिलं आमच्या गोहलपूरच्या दुकानात काहून निघून राहिली, जी?”

एका औषधवाल्याच्या सगळ्या दुकानांचे कंप्यूटर तो सांभाळायचा. ती बिलं आपोआप तयार करणारा कोड माझा. चूकही माझीच. दुकानांचे पत्ते, प्रिंटर, सगळं मी कोडमध्येच कोंबलं होतं.

“मी लिहिलंय... काही सांगितलं नाही, तर गोहलपूर धरायचं.”

“अच्छा! म्हणजे जो गप्प बसला, तो गोहलपूरचा?”

मला हसू फुटलं. मग त्यालाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी बसून आम्ही दुकानांची माहिती कोडमधून काढली आणि वेगळ्या फाइलींत ठेवली. कोडने विचारायचं, फाइलीने सांगायचं. कागदाचा आकार कुणी सांगितला नाही, तर नेहमीचा चालेल. पण पत्ता नसेल, तर थांबायचं आणि विचारायचं. काम चार दिवसांचं, आम्ही ते महिनाभर पुरवलं! येताना तो खव्याची जिलबी आणायचा आणि माझं उत्तर पाठ असूनही विचारायचा, “घेशील?”

मला तो आवडायला लागला होता. फार.

शेवटची फाइल झाली, तेव्हा तो स्कूटरच्या किल्लीशी चाळा करत म्हणाला, “सोमवारी पुण्याला चाललो. नोकरी लागली.”

“आणि मला... काहीच विचारलं नाहीस?”

“तू कधी काही बोलली नाहीस, समिधा. मी ‘नाही’ धरलं.”

रडू येत होतं, पण राग त्याहून जास्त.

“पत्ता नसेल तर आपण काय ठरवलं होतं, गौरांग?”

“थांबायचं... आणि विचारायचं.”

“मग?”

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. “मी आवडतो तुला?”

“हो.”

“पुण्याला येशील? लग्न करून?”

आई-बाबा, हे गाव, ही नोकरी... सगळं डोळ्यांपुढून गेलं. “आत्ता नाही सांगता येत,” मी खरं तेच बोलले. “पण ‘नाही’ धरू नको. विचारत राहा.”

“चलो, ठीक आहे,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे हसले.

मधले दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सोमवारी स्टेशनवर गाडी हलली, तसा तो डब्याच्या दारात उभा राहून ओरडला, “येशील?”

आणि मी भर फलाटावर, हमाल-चहावाल्यांच्या देखत ओरडले, “हो!”