हिप्परग्याचे करकोचे

१९३२ सालचा पौष होता. सोलापुरात चित्रकला शिकवणारे कमलाकर मास्तर दर रविवारी हिप्परग्याच्या तलावावर पाखरं बघायला जात. त्या सकाळी त्यांचा बालमित्र मानसिंगही निघाला, पण दुनळी बंदूक घेऊनच टांग्यात बसला.

"नुसतं बघायचं हं," मास्तर म्हणाले. मानसिंग हसला.

कल्लप्पा कोळ्याची होडी धुक्यात शिरली. पाण्याला कुजक्या शेवाळाचा वास येत होता. मधल्या बेटावर शेकडो करकोचे उभे होते, अगदी गप्प.

"हितं बार काडू नका, मालक," कल्लप्पा हळूच म्हणाला. "ही पाखरं कुनी मारत न्हाय. मारलं की पानी मानूस मागतंय..."

तोवर बार उडालाच. एक करकोचा कोसळला आणि बाईसारखा किंचाळला. मानसिंगनं कमरेभर पाण्यात उडी टाकून त्याची मान पिरगाळली. त्याबरोबर सगळा थवा त्याच्यावर तुटून पडला. चोचींनी गाल फाटला, कान लोंबू लागला. मानसिंग ओरडत वाकला, तेवढ्यात पाण्यातून एक पांढराफटक हात वर आला आणि त्यानं त्याचा गळा धरला.

मास्तरांनी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. त्यांनी वल्हं उचललं आणि त्या हातावर घातलं. एकदा, दोनदा, तीनदा... हाड कडकन मोडलं. पाणी लाल झालं. हात सुटला, पण मानसिंग खाली गेला. मास्तरांनी खांद्यापर्यंत पाण्यात हात घालून चाचपलं. एक मनगट हाती लागलं. दोघांनी मिळून त्याला होडीत ओढलं.

काठावर तो डोळे उघडून पडला होता. श्वास चालू होता.

"वाचलास रे!" मास्तरांना रडू फुटलं.

आणि धुक्यातून, पाण्यावरून हाक आली.

"कमलाकर... अरे, मी इथंय... मला वर घे..."

आवाज मानसिंगचाच होता.

मास्तर पाण्याकडे धावले. कल्लप्पानं त्यांना कव घालून धरलं. "जाऊ नका, मास्तर... ती हाक घ्यायची न्हाय..."

हाका बराच वेळ येत राहिल्या. मग थांबल्या. मास्तरांनी काठावरच्या माणसाला त्याच्या घरी पोचवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

महिन्यानं मानसिंगची बायको विजयमाला मास्तरांच्या दारात आली. चेहरा ओढलेला.

"भावजी, जखमा भरल्या. पण हे बोलत नाहीत, अंथरुणाला पाठ टेकत नाहीत." तिनं मागं वळून पाहिलं. "परसातल्या हौदात उभे राहतात हो... तासन् तास, एका पायावर."