खणातला फोन

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण नियम शिकवायची त्यांना भारी हौस होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात बटण घालणारी ती कंपनी. बटण दाबलं की मदतकेंद्रात फोन वाजायचा, तिथे कुणी उचलला की बटणावर हिरवा दिवा लागायचा आणि त्यातूनच बोलता यायचं. कुठल्या घराचा कॉल कुठल्या नंबरावर जाणार, हे सर्व्हरवरच्या सेटिंगच्या एका फाइलीत असे. ती फाइल मास्तरांच्या ताब्यात.

कुठलाही बदल आधी चाचणीच्या सर्व्हरवर करायचा, हा पहिला नियम. चाचणीचे कॉल केंद्रात जाऊन गोंधळ नको, म्हणून ते एका जुन्या मोबाइलवर वळवलेले असत आणि तो मोबाइल मास्तरांच्या टेबलाच्या खणात असे. चाचणी झाली की एकाने फाइल खऱ्या सर्व्हरसाठी तयार करायची, दुसऱ्याने ती ओळन्ओळ वाचायची आणि खाली ‘पाहिलं’ असं लिहायचं. मग बदल आधी दहाच घरांना लागू करायचा. चाळीस मिनिटांत तक्रार आली नाही, तर सगळ्यांना. ती दहा घरं मास्तरांनीच निवडली होती. त्यांची आईही ते बटण वापरायची, पण तिचं घर त्यांनी यादीत घेतलं नव्हतं. लोकांना सांगायचं ब्रह्मज्ञान वेगळं आणि आई वेगळी.

त्या दिवशीचा बदल चिमणीने केला होता. टीममधली सगळ्यांत लहानखुरी, दिवसभर चिवचिवणारी मुलगी. तिने फोन करून सांगितलं होतं, “मास्तर, जरा नीट बघा हं. सकाळपासून आकडे बघून माझे डोळे फिरलेत.”

मास्तर तेव्हा न्हाव्याच्या खुर्चीत होते, अर्ध्या गालाला साबण. त्यांनी मोबाइलवर ‘पाहिलं’ लिहिलं आणि मान पुन्हा मागे टाकली.

फाइलीत चाचणीचा नंबर तसाच राहिला होता. दहा घरांचे कॉल केंद्राऐवजी खणात येऊ लागले आणि खणातला मोबाइल होता सायलेंटवर. चाळीस मिनिटं पडद्यावर एकही तक्रार दिसली नाही. दिसणार कुठून? सगळ्यांना लागू करण्याआधी चिमणीने सहज म्हणून खण उघडला आणि ती किंचाळलीच. यादीतल्या चौथ्या घरातून अकरा कॉल आले होते. पहिला चार वाजून दहा मिनिटांनी. तिने बदल मागे घेतला, माणसं धाडली. माणसं पोचली तेव्हा बाथरूममधला नळ ठिबकत होता आणि म्हातारी गेली होती.

चौकशीत मास्तर म्हणाले, “मी पाहिली तेव्हा नंबर बरोबर होता. नंतर तिने हात लावला असेल.” फाइलीचा इतिहास तपासायचं कामही मास्तरांकडेच होतं. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय! जिने चूक पकडली, तिचीच नोकरी गेली.

जाताना चिमणी त्यांच्या टेबलापाशी थांबली. “तुम्ही पाहिलं नव्हतं ना, मास्तर?”

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. ती गेल्यावर त्यांना स्वतःची शिसारी आली. ती फार वेळ टिकली नाही.

आठवड्याने दुपारी खण गुरगुरला. चार दहा. मोबाइल थरथरत होता आणि त्यावर चौथ्या घराचा नंबर होता. असे अकरा कॉल आले. चार पन्नासला खण शांत झाला.

मास्तर तर्काने चालणारे. त्यांनी चाचणीच्या सर्व्हरची नोंद काढली, तिथे एकही कॉल नव्हता. स्टोअरमध्ये जाऊन म्हातारीचं परत आलेलं बटण पाहिलं. बॅटरी काढून वेगळी ठेवलेली, वर धूळ. मग त्यांनी मोबाइलचं सिम काढलं.

दुसऱ्या दिवशी चार दहाला खण गुरगुरला.

एकदा त्यांनी उचलला. पलीकडे नळ ठिबकत होता. मग एक बाई बोलली, अजिबात घाई नसलेल्या आवाजात.

“पाहिलं का?”

पुन्हा त्यांनी कधी उचलला नाही. फेकून द्यावा, तर रजिस्टरात कारण काय लिहिणार? मोबाइल टॉवेलात गुंडाळून त्यांनी खणाच्या तळाशी ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात. मास्तर रोज चार दहाला चहाला उठू लागले.

एका मंगळवारी उठता आलं नाही, मीटिंग टेबलापाशीच चालली होती. खण गुरगुरत राहिला. मास्तरांनी सवयीने मोजलं. अकरा.

पाच वाजता आईच्या शेजारणीचा फोन आला. “आई बाथरूममध्ये पडल्यात. खुब्याचं हाड मोडलंय. लवकर या.”

मास्तरांनी खण ओढला, टॉवेल सोडला. आजचे अकराही कॉल आईच्या बटणाचे होते. त्यांनी फाइल उघडली. सगळं बरोबर होतं, फक्त पहिल्या दहा घरांत चौथ्या ओळीवर आईचं घर होतं आणि तिच्यापुढे खणातला नंबर. खाली लिहिलं होतं, ‘पाहिलं’. नाव मास्तरांचं. वेळ चार दहा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वॉर्डात आईपाशी बसले होते. बटण तिच्या गळ्यातच होतं, काढू देत नव्हती.

“अरे, पडल्यापडल्या दाबलं बघ,” आई म्हणाली. “एका बाईंनी उचललं. किती मायेने बोलत होत्या! शेजारीण येईपर्यंत चाळीस मिनिटं सोडलं नाही मला.”

“केंद्रात तुझ्या कॉलची नोंदच नाही, आई.”

“नसेल. त्या म्हणाल्या, घाबरू नका, मीही अशीच पडून होते. मधेमधे तुला लावून बघत होत्या. म्हणाल्या, मुलगा तुमचा जागेवरच आहे, पण तो उचलत नाही.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं.

“का रे उचलत नाहीस?”

मास्तर तिचं पांघरूण सारखं करू लागले.

“काहीतरी विचारायचंय त्यांना तुला. एवढंच. सांगून टाक ना बाळा, काय असेल ते.”

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चार दहावर सरकला.

आईचे दोन्ही हात पांघरुणावर होते. बटणाला कुणी हात लावला नव्हता.

त्यावर हिरवा दिवा लागला.

आईने हनुवटी खाली केली आणि हळूच म्हणाली, “हो, आलाय. समोरच बसलाय.”