दोन बोटं चहा

प्याल्यात चहा जेमतेम दोन बोटं होता. दुधाचा पातळ तवंग कडेला चिकटला होता आणि त्याच्या वरचा पांढरा काठ कोरडाच होता. मक्पाल हे सगळं निरखून पाहत होती, कारण चहा ओतणाऱ्याकडे पाहणं तिला टाळायचं होतं.

थोड्या वेळापूर्वी तिची गाडी किनाऱ्यालगतच्या खाऱ्या चिखलात रुतली होती. मागून जीप घेऊन आलेल्या या अनोळखी माणसाने ती ओढून काढली आणि वर चहाही केला. खरं तर तो तिने पाजायला हवा होता. त्याचं नाव दौरेन. बाऊतिनो बंदराच्या धक्क्यावर तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.

"एवढासाच?" ती म्हणाली.

"मग काय, काठोकाठ भरून तुम्हाला हाकलून देऊ?"

ती हसली. थोडा चहा म्हणजे बसा, पुन्हा ओततो. भरला प्याला म्हणजे प्या आणि निघा. कास्पियन समुद्राच्या या कझाक काठावर पोरंसोरंसुद्धा हे बोलण्याआधी शिकतात.

किनाऱ्याला वाहून आलेले मेलेले सील प्राणी मोजत मक्पाल उत्तरेकडे निघाली होती. दौरेन रजेवर होता, मासे धरत कुठेही जाणार होता. ते 'कुठेही' रोज नेमकं तिच्याच वाटेवर यायचं. संध्याकाळी चुनखडीच्या पांढऱ्या कड्याखाली तिचा तंबू लागला, की हाकेच्या अंतरावर त्याचाही लागायचा. तिची कुत्री कुमाय, लांब पायांची, शिकारी जातीची, त्याचे वाळवलेले मासे पळवायची आणि तो तक्रार घेऊन यायचा.

"तुमची कुत्री चोर आहे."

"तुम्ही मासे तिच्या नाकासमोर टांगता."

"मग दुसरं निमित्त काय शोधू?"

ती फक्त प्याला पुढे करायची. तो दोन बोटं ओतायचा. कधीतरी, बहुधा तिसऱ्या-चौथ्या प्याल्याला, 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि ते दोघांनीही लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली होती. दूरच्या अल्माटी शहरातल्या प्रयोगशाळेत तिला जागा देऊ केली होती. आईला वाटत होतं, घ्यावी. इकडे बाऊतिनोत जखमी सीलसाठी नवं केंद्र उघडत होतं आणि ते चालवायला ती हवी होती. महिनोन् महिने ती दोघांनाही 'बघू' म्हणत आली होती. आता सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आई रोज फोन करायची, केंद्रातले लोक रोज निरोप धाडायचे. रेंज नसली की मक्पालला बरं वाटायचं.

"तुला काय हवंय?" दौरेनने विचारलं होतं.

"बघू," ती म्हणाली होती.

त्या दुपारी वारा फिरला. कड्याखालच्या पाण्यात काहीतरी हिसके देत होतं. मक्पालने दुर्बीण लावली. एक कोवळा सील होता. चोरून स्टर्जन मासे धरणाऱ्यांचं तुटकं जाळं त्याच्या मानेत रुतलं होतं, आणि लाट ओसरली की तो तेवढ्यापुरता श्वास घ्यायचा.

"सुरी," ती बूट काढत म्हणाली. "गाडीत मागे आहे. पण दार जपून उघड. कुमाय बाहेर येता कामा नये."

कुत्र्यांचा एक आजार सीलना लागतो. लस टोचलेली असली, तरी कुमायला ती पाण्याजवळ कधी मोकळं सोडत नसे. त्या आजाराने मेलेल्या सीलचा खच तिने एकदा पाहिला होता.

दौरेनने दार जपूनच उघडलं. पण वाऱ्याने ते त्याच्या हातून हिसकावलं आणि कुमाय बाणासारखी सुटली. हलणारं दिसलं की तिला हाक ऐकू येत नाही. दौरेन तिच्यामागे धावला, सुरी त्याने वाळूत मक्पालच्या दिशेने भिरकावली आणि पाण्याच्या कडेलाच कुत्रीवर झेप घेतली. दोघं चिखलात लोळले. तो उठला नाही, फक्त मिठी आवळली.

"धरून ठेव," मक्पाल म्हणाली, आणि सुरी उचलून, गळ्यातला टॉवेल हातात घेत पाण्यात शिरली.

पाणी छातीपर्यंत आलं, बर्फासारखं. तिने सीलच्या डोक्यावर टॉवेल टाकला. तो गुरगुरला, त्याने तिच्या बाहीला दात लावले. बाही फाटली. पहिला धागा कापला, दुसरा… मग लाट आली आणि जाळ्याचं सैल टोक तिच्याच घोट्याभोवती बसलं. ती खाली गेली. वर आली. किनाऱ्यावर दौरेन गुडघ्यांवर बसला होता, कुत्री छातीशी. कुमायला सोडलं असतं तर ती सीलवर गेली असती. न सोडता तो येऊ शकत नव्हता. त्याच्या तोंडाकडे पाहूनच मक्पालने दम धरला, वाकून घोट्याचा दोर कापला, मग सीलच्या मानेतला शेवटचा.

सील क्षणभर तिथेच तरंगत राहिला. त्याचे काळे, ओले डोळे तिच्यावर होते. मग तो पाण्याखाली गेला आणि बराच दूर वर आला.

कुमायला गाडीत बंद करून दौरेनने स्टोव्ह पेटवला, आपलं जाकीट मक्पालच्या खांद्यांवर टाकलं. तिचे दात वाजत होते. त्याने चहा ओतायला घेतला. दोन बोटं झाली… तो ओततच राहिला. चहा काठाला टेकला, थरथरला, आणि तसाच त्याने पुढे केला.

तिला वाटलं, त्याचं लक्ष नसेल. आता लक्षात येईल, आता हसेल. तो हसला नाही.

"हे काय?" तिने विचारलं.

"मुद्दाम भरलाय." तो समुद्राकडे बघत होता. "आई ओढते, केंद्र ओढतं. मीही इतके दिवस दोन-दोन बोटं ओतून तेच केलं. आज तू बुडत होतीस आणि मला जागचं हलता येत नव्हतं. तेव्हा वाटलं, हिला निदान एकाने तरी मोकळं सोडावं. जा, मक्पाल. तुला जिथे जायचंय तिथे."

चहाची वाफ वाऱ्याने आडवी होत होती. गाडीच्या काचेला नाक लावून कुमाय दोघांकडे पाहत होती.

मक्पालने प्याला घेतला. किटलीचं झाकण काढलं आणि हळूहळू, एक थेंब न सांडता, चहा परत आत ओतला. दोन बोटं उरला तेव्हा हात थांबवला.

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. मग जाकीट घट्ट ओढून घेतलं. "म्हणजे… तुझ्यासाठीसुद्धा. पण आधी माझ्यासाठी."

"काय?"

"मी अल्माटीला जात नाही, दौरेन. मी इथेच राहणार आहे."